मथुराअक्काने सोन्याची वाट पाहू नये म्हणून

राजाजीनगर, बंगळूर
नोव्हेंबर १९९९

तीर्थस्वरूप मथुराअक्का,

गिरीराजचा तुझ्या दोन्ही पायांना नमस्कार (दुखऱ्या गुडघ्याच्या पायाला जरा हलक्या हाताने). तुमकूरला थंडी पडली असेल, तर अंगणात अनवाणी फिरू नकोस. इकडे आई बरी आहे. बाबा चिडचिड करतात. तू त्यांची थोरली बहीण असल्यामुळे तुझ्यावर चिडता येत नाही, म्हणून माझ्यावर.

कारण तुला ठाऊक आहे. छातीतल्या गाठीचं ठरलेलं ऑपरेशन तू रद्द केलंस, आणि डॉक्टरीणबाईंना सांगितलंस, "आमच्या गिरीचं सोनं तयार होतंय, मग सुरी कशाला?" अक्का, माझ्या संशोधनावर एवढा विश्वास माझ्या सरांचाही नाही. म्हणून त्या सोन्याची खरी हकिगत लिहितो.

आम्ही सोन्याचा क्षार पाण्यात उकळतो, त्यात लिंबाच्या आंबटाशी नातं असलेलं एक मीठ घालतो, आणि फिकट पिवळं पाणी बघता बघता लालभडक होतं. त्यात सोन्याचे कण तरंगत असतात, साध्या सूक्ष्मदर्शकालाही न दिसणारे. योग्य रंगाचा प्रकाश पडला की ते तापतात. कल्पना अशी, की कण गाठीत पोचवायचे, बाहेरून प्रकाश टाकायचा आणि गाठ आतल्या आत भाजून काढायची. कल्पना सुंदरच आहे. (सुंदर कल्पनांना भांडी घासावी लागत नाहीत. मला लागतात.) चंबू स्वल्प जरी अस्वच्छ राहिला, तरी कण एकमेकांना चिकटतात, लाल पाणी निळं पडतं आणि तळाशी काळा गाळ बसतो. कित्येक महिने मी सोन्याचा चिखल करत होतो. तेवढ्यात आईने गल्लीभर सांगितलं की मुलगा सोनं बनवतो. कोपऱ्यावरचा सोनार देवाप्पा मुद्दाम बघायला आला. त्याने बाटली उजेडात धरली, हलवली, आणि मला म्हणाला, "छान आहे. पण बँकेची परीक्षा देऊन ठेव."

पुढे लाल पाणी लालच राहायला लागलं. मग मी ते अंड्याच्या पांढऱ्यात मिसळलं आणि त्यावर लेसरचा हिरवा प्रकाश धरला. अक्का, प्रकाश पडला तेवढाच ठिपका शिजून पांढरा झाला! भोवतालचं सगळं कच्चं. मी प्रयोगशाळेत एकटाच नाचलो आणि घरी येऊन आईला सांगितलं, "जमलं!" आईने तुला फोन केला. वाटेत अंडं गळालं आणि तुझ्यापर्यंत फक्त "जमलं" पोचलं.

त्यानंतरचं तुला कोणीच सांगितलेलं नाही. सर म्हणाले, माणसाची गाठ काही उघड्यावर नसते, मधे मांस असतं, त्याचं काय? म्हणून मी खाटकाकडे गेलो आणि बोटाएवढ्या जाडीचा कोंबडीचा तुकडा मागितला.

"करीला की फ्रायला?"

"लेसरला," मी म्हणालो. त्याने सुरी खाली ठेवून माझ्याकडे पाहिलं.

तुकड्याच्या एका बाजूने प्रकाश सोडला, दुसऱ्या बाजूला अंडं ठेवलं. अंडं कच्चंच राहिलं. कितीही वेळ थांबलो तरी कच्चंच. तो हिरवा प्रकाश मांसातच विरतो. जो प्रकाश मांसातून पार जातो, त्याने माझे कण तापत नाहीत. त्यासाठी काचेच्या सूक्ष्म गोळ्यांवर सोन्याचा पातळ थर चढवावा लागेल, असं आता काहीजण म्हणतात. तो मला अजून चढवता येत नाही. आला तरी उंदरांची पाळी आधी, माणसांची फार नंतर. कधीतरी कुणाच्या तरी अक्काला याचा उपयोग होईल, असं मी मनापासून मानतो, नाहीतर रोज चंबू घासायला गेलो नसतो. पण ती अक्का तू नाहीस.

हेच सांगायला मी गेल्या रविवारी तुमकूरला आलो होतो. तू सगळ्या शेजारणींना "हाच तो" म्हणून मला दाखवलंस, पानात तिसऱ्यांदा पुरणाची होळिगे वाढलीस, आणि मी गप्प बसून ती खाल्ली. परतीच्या बसमध्ये मला स्वतःची लाज वाटली आणि भीतीही. डॉक्टरीणबाई म्हणतात गाठ लहान आहे, पसरलेली नाही, आत्ता काढली तर आशा चांगली आहे. मला थांबायची सवय आहे, माझा धंदाच तो. गाठ थांबत नाही. तुझा विश्वास मला हवा आहे, पण तो या वेळी त्या बाईंच्या सुरीला उसना दे.

तुझा,
गिरी

ता. क. बाईंना भेटलो. त्यांनी ऑपरेशनला सोमवारची वेळ पुन्हा दिली आहे. रागावलेल्या नाहीत. मात्र "तो सोनेवाला तूच का?" असं विचारलं.

ता. क. २. या पाकिटावर तिकीट नाही, हे तुझ्या लक्षात आलं असेल. पत्र घेऊन आलेले बाबा तुझ्यासमोरच बसले आहेत आणि वाचून होईपर्यंत उठणार नाहीत. तुला न्यायला फाटकाशी मोटार उभी आहे. मागच्या सीटवर मी आहे. तू होकाराचं नुसतं "सरी" म्हण, मी तुझी पिशवी घ्यायला आत येतो.