दोन ते सहाचा पहारा

सोमवार, २ ऑगस्ट २००४

अकरा मिनिटं बोललो. घड्याळ लावून. शाळेचा हॉल गच्च. ब्रिटिश फौजेच्या भरतीसाठी आलेले दोन साहेब खुर्च्यांवर, पोरंपोरी खाली चटईवर. गावात माजी सैनिक सात आहेत, पण बोलायला मलाच उठवलं. साहजिक आहे. आठवीत शाळा सुटलेला माणूस आज नदीवरच्या निम्म्या बोटींची इंजिनं दुरुस्त करतो, पुस्तक वाचून – ते फौजेमुळे. हे सांगितलं. शांतिसेनेतले दिवस – लेबनॉनची थंडी, संत्र्यांच्या बागा, चौकी. चौकीवर मेलेल्या पेथेलीची गोष्ट टाळणार होतो, पण मागून कुणीतरी ओरडलंच – "जागा हिसकावली ते सांग!" सांगितली. हसले, मग गप्प झाले. दरवेळी तसंच होतं.

शेवटी एका साहेबाने विचारलं, फौजेत गेल्याचा कधी पश्चात्ताप? म्हणालो, "क्षणभरही नाही, सर!" टाळ्या.

तिसऱ्या रांगेत माझी केलेरा बसली होती. एकोणीस वर्षांची. घरी येऊन म्हणाली, "बाबा, मी नाव दिलं. तुम्ही बोलत होतात ना, तेव्हाच ठरवलं."

मी म्हणालो, "शाब्बास."

मंगळवार, ३ ऑगस्ट

अकानिसी सकाळपासून भांडी आदळते आहे. "रेडिओवर रोज इराक ऐकतोस आणि पोरीला शाब्बास म्हणतोस? बोटीचं इंजिन फटकन वाजलं की अजून जमिनीवर आडवा होतोस तू. ते नाही सांगितलंस हॉलमध्ये? अकरा मिनिटांत बसलं नाही वाटतं!"

तो आवाज पेट्रोल आणि हवेचं प्रमाण चुकलं की होतो, हे तिला नीट समजावून सांगितलं. बायको पातेलं घेऊन बाहेर निघून गेली.

गुरुवार, १९ ऑगस्ट

मेरेवाई येऊन माझी नवी पक्कड घेऊन गेली. लाल मुठीची, आठ इंची, राजधानीतून, सुव्हाहून मागवलेली!

पेथेलीची ही थोरली बहीण आमच्याच गावात दिलेली. त्यांचं बेट आणि आमचं गाव एकमेकांचे ताउवू – मूळपुरुष एक. म्हणजे तिने शिवी दिली की मी हसायचं, तिने वस्तू उचलली की मी बघत बसायचं. मीही तिचं काही नेऊ शकतो. पण नेत नाही. तिला वाटतं, मी भिडस्त आहे.

"ए गंजक्या! हे काय नवीन चकचकीत? माझं झालं."

"मेरेवाई, तुला पक्कड कशाला? दात पडले का?"

"तुझे उपटायला! माझा भाऊ तुझी पहाऱ्याची जागा हिसकावून घेऊन मेला, आणि तू जिवंत राहून काय करतोस – तर चहात साखर कमी म्हणून कुरकुर!"

शेडमधले सगळे हसले. मीही. अठरा वर्षं ती हे बोलते आहे, अठरा वर्षं मी हसतो आहे.

शुक्रवार, ३ सप्टेंबर

केलेरा सगळ्या चाचण्यांत पास. धावण्यात मुलींमध्ये दुसरी. विमान २७ तारखेचं.

रविवार, ५ सप्टेंबर

चर्चला गेलो नाही. पोट बिघडलं म्हणून सांगितलं. घरात कुणी नाही. आज लिहून टाकतो. एकदाच.

११ मार्च १९८६, मंगळवार. दुपारी दोन ते सहाचा पहारा माझा होता. पेथेली तापाने फणफणत कॉटवर पडलेला – १०२, मीच मोजला होता. मी चौकीचा जनरेटर खोलून बसलो होतो. ब्लँकेटवर एकेचाळीस सुटे भाग, क्रमाने मांडलेले, शेजारी पुस्तक. मेकॅनिक साहेब म्हणाला होता, हे तुझ्या डोक्याबाहेरचं आहे. संध्याकाळपर्यंत त्याला दाखवायचं होतं. सोडून उठवेना.

पेथेलीने माझं काही हिसकावलं नाही. मी हाक मारली – "ताउवू! ऊठ. आजचा पहारा तुझा. मी दिला."

त्याने माझ्या बापाला, आज्याला, माझ्या तोंडाला शिव्या दिल्या. हसला. बूट चढवले. ताउवूला नाही म्हणता येत नाही. मला ते माहीत होतं, म्हणून तर तसं बोललो. नुसतं "मित्रा" म्हणालो असतो तर तो म्हणाला असता, "मर, मला ताप आहे."

तीन वीसला पांढरी गाडी चौकीवर आली आणि फुटली.

चौकशीत म्हणालो, त्यानेच थट्टेत माझी जागा घेतली. कुणालाच नवल वाटलं नाही. पेथेली तसाच होता.

आणि चार दहाला मी जनरेटर चालू केला. सगळे धावाधाव करत होते, दिवे हवे होते. दोरीच्या पहिल्याच हिसक्याला सुरू झाला. आवाज अगदी स्वच्छ. मला आनंद झाला. हे मी कुणाला सांगू? तेवढा एक क्षण मला आनंद झाला!

लोक विचारतात – पश्चात्ताप की अभिमान? ते दोन डबे आहेत असं त्यांना वाटतं. माझं सगळं त्या चार तासांत आहे. शिकलो तेही, केलं तेही. वेगळं काढून दाखवता येत नाही.

मंगळवार, १४ सप्टेंबर

केलेरा पायरीवर बसून बूट घालत होती. "बाबा, खरं सांगा. एकदाही नाही वाटलं, गेलो नसतो तर बरं?"

अकानिसी घरात नव्हती. कुणीच नव्हतं. याहून चांगली वेळ मिळणार नव्हती.

मी म्हणालो, "नाडी उलटी ओवली आहेस. खालून वर घे."

शनिवार, १८ सप्टेंबर

काही नाही. दोन इंजिनं. दोन्ही बिघडवली.

मंगळवार, २१ सप्टेंबर

मेरेवाईकडे गेलो. देवमाशाचा दात घेऊन – माफी मागायला दुसरं काही नेता येत नाही. आजोबांचा होता. ती ओसरीवर चटई विणत होती. मला बघून, "आलास का गंजक्या, काय चोरायला?" म्हणाली. मी गुडघ्यांवर बसलो, तेव्हा तिचे हात थांबले.

सगळं सांगितलं. ताप १०२, तेही. जनरेटरचा आनंद तेवढा नाही सांगितला.

तिने दाताला हात लावला नाही. चटईची विणलेली एक पट्टी उसवली. मग हळूच विचारलं, "ताप होता त्याला?"

"हो."

"दात उचल, साकिउसा. घरी जा."

माझं नाव तिला माहीत आहे, हे मी विसरलो होतो.

बुधवार, २२ सप्टेंबर

सकाळी पायरीवर ओळीने मांडलेलं – ट्रान्झिस्टर, इंजिनाचे दोन पाने, किटली, छत्री, ९७ साली नेलेली कुऱ्हाड, पाय बांधलेली एक कोंबडी. आणि लाल मुठीची पक्कड. अठरा वर्षांत नेलेलं सगळं.

अकानिसी म्हणाली, "हिला काय झालं?" मला सांगता येईना. ताउवू वस्तू परत करत नाहीत. परत केल्या म्हणजे नातं संपलं.

कोंबडी सोडली. बाकी काही हलवलं नाही. हात लागत नाही.

केलेराला आज तरी सांगायचं होतं.

शनिवार, २५ सप्टेंबर

दुपारी केलेराच्या निरोपाची यांगोना – मुळांचं मानाचं पेय. थोरले थाळ्याभोवती बसलेले, चटईवर तिची बॅग, बॅगेवर पासपोर्ट. पहिली वाटी फिरली. मी बोलायला उठणार, तेवढ्यात मेरेवाई दारातून थेट आत आली. बोलावलं नव्हतं. पासपोर्ट उचलून पोलक्यात खुपसला.

"ए गंजक्या! ही पोरगी माझी झाली. मागत नाही – घेतली. मी तिला कुणाच्या फौजेला देत नाही!"

सगळे हसून लोळले. केलेरा रडत ओरडली, "बाबा, सांगा ना तिला!"

मी मेरेवाईकडे पाहिलं. ती हसत नव्हती.

"ताउवूला नाही म्हणता येत नाही," मी म्हणालो.

जाताना तिने पायरीवरची पक्कड उचलली.