सहाव्या प्रकरणातला ठिपका

ती. दाजींना धाकट्या मेहुण्याचा नमस्कार. तुमचे गुडघे आणि आमची ताई, दोघांचीही कुरकुर आटोक्यात असेल असं धरून चालतो. माझी झोप मात्र उडाली आहे.

आपले साहेब परवा घरी आले होते. आपल्या रडार स्क्वाड्रनला पन्नास वर्षं झाली म्हणून त्यांनी तिचा इतिहास लिहिलाय. पानं तीनशे. (पाठीवर परातीएवढं रडार फिरवत ढगांत घिरट्या घालणारी विमानं आपली, फोटो सगळे साहेबांचे.) सहावं प्रकरण आहे ‘शत्रू माघारी फिरला’. शत्रूचं विमान चार तास सरहद्दीवर दबा धरून होतं, आपण नजर हटवली नाही, दोन लढाऊ विमानं धाडली आणि ते क्षणात नाहीसं झालं. विमान चार तास जागचं हललं नाही याचं साहेबांना तेव्हाही नवल वाटलं नव्हतं. पुस्तकात तर तो ‘शत्रूचा थंड डोक्याचा डाव’ झालाय.

दाजी, तो डाव माझा होता. आदल्या दिवशीच्या सरावात विमानातल्या रडारच्या पडद्याच्या काचेवर लाल मेणपेन्सिलीने ठिपका काढला आणि उतरताना पुसायचा विसरलो. (पुसून उतरायचं, एवढाच तर नियम होता.) तुम्ही शेवटी काच पुसलीत आणि म्हणालात, "साहेब, शत्रू माझ्या बाहीला लागलाय." साहेब म्हणाले, "बाही दुमडून घे." एवढंच वाक्य पुस्तकात नाही.

आता त्या प्रकरणाखाली साक्षीदार म्हणून माझी सही हवीय. माझी नात ते पुस्तक शाळेत वाचून दाखवणार. सही केली तर पोरीसमोर खोटा, नाही केली तर विसराळू. मी ठरवलंय, विसराळू परवडला. सही देणार नाही. ताईला नमस्कार.

ता. क. पत्र टाकायचं राहिलं. दरम्यान सही केली. साहेबांनी पेन उघडूनच पुढे केलं होतं.

आणखी ता. क. ती काच संग्रहालयात मांडलीय, लाल ठिपका नव्याने काढून. काल साहेबांनी कौतुकाने दाखवायला नेलं. ते फोन घ्यायला बाहेर गेले, ठिपका दिसला, जुना नियम आठवला आणि मी तो रुमालाने पुसून टाकला. गुरुवारी उद्घाटन आहे. शत्रू डावीकडे होता की उजवीकडे, घाबरल्यामुळे काही आठवत नाही. पहिल्यांदा तुम्हीच पुसला होतात, तेव्हा तातडीने कळवा. पेन्सिल आणून ठेवलीय.