लाल दोऱ्याचा चिमटा

चि. धाकट्यास, ताईचा आशीर्वाद. (तो मनापासून आहे. पुढचं वाचून परत पाठवू नकोस.)

फोन तू उचलत नाहीस, म्हणून हे पत्र भावजयीच्या हातात देतेय. चौथीच्या शाळेवर लिहिलंय, तेव्हा काना-मात्रा बघत बसू नकोस. तुझं पित्त कसं आहे? उपाशीपोटी चहा ढोसणं थांबलं का? पोरीचा खोकला? इकडे सगळं ठीक आहे असं लिहायची पद्धत असते, पण खोटं लिहायला मला वेळ नाही. इकडे काही ठीक नाही. काकी तीन दिवस तुम्हा पोलिसांच्या कोठडीत आहे आणि सोमवारी तिला पुन्हा कोर्टात उभी करणार आहेत. काकी म्हणजे आपल्या शेजारची काकी. तुला गोवर आला तेव्हा आई कामावर होती आणि उशाशी कोण बसलं होतं ते आठवत नसेल तर आईला विचार.

तू मंगळवारी धरणावर मंत्र्याच्या बंदोबस्ताला होतास असं भावजयीला सांगितलंस. म्हणजे तुला इथलं काहीच माहीत नसणार. म्हणून सगळं सविस्तर लिहिते.

आमच्या लॉन्ड्रीतला गरम पाण्याचा पाइप वर्षभर गळत होता. सांगितलं की मॅनेजर त्याला एक चिंधी गुंडाळायचा. एवढ्या चिंध्या झाल्या की पाइप आजारी माणसासारखा दिसायला लागला. गेल्या आठवड्यात तो फुटला तो नवीच्या हातांवर. (नवी सहा वर्षं काम करतेय, पण तिच्यानंतर कुणी टिकलंच नाही, म्हणून ती अजून नवी.) कोपरापर्यंत भाजली. निष्काळजीपणा केला म्हणून मालकाने कामावरून काढलं. पाइपला नाही, नवीला.

तेव्हा आम्ही चौदा बायकांनी मालकाला गेटाबाहेर काढलं आणि आतून कडी घातली. आता तुम्हा लोकांना वाटतं संप म्हणजे हात बांधून बसणं. तसं नाही. हॉस्पिटलच्या चादरी आमच्याकडे येतात, त्या न धुवून पेशंटने काय करावं? त्या धुतल्या, वाळवल्या, घड्या घालून वेळेआधी पोचवल्या. हॉटेलचे टेबलक्लॉथ तसेच ठेवले, खाणारे मेले नाहीत. पाइप टेम्पोवाल्याच्या मेहुण्याने तासाभरात जोडून दिला. तासाभरात, ऐक. मालक बाहेर खुर्ची टाकून बघत होता. आम्ही काम बंद केलं असतं तर त्याला चाललं असतं. आम्ही काम चालू ठेवलं आणि फक्त मालक बंद केला, त्याने तो पिसाळला.

आता हे मी तुला कौतुकाने सांगतेय असं समजू नकोस. मला त्या मीटिंगांनी वीट आणलाय. आमच्यात पुढारी नाही. कुणी एकीने हुकूम सोडायचा नाही आणि एक जरी नाही म्हणाली तरी गोष्ट ठरत नाही, असं ठरलं. (हे ठरायलाच अख्खी दुपार गेली.) त्यात आमच्यात टाचणी आहे. टाचणीला सूर्य पूर्वेला उगवतो म्हटलं तरी ती दोन शंका काढते. चहा आधी की चादरी आधी, यावर तिने पाऊण तास नाही म्हटलं. मी तिला म्हटलं, बाई, तू मेल्यावर जाळायचं की पुरायचं याच्यावरही तू नाही म्हणशील, आणि आम्ही बसू तुला धरून. तर म्हणते, धरून बसा, पण आधी विचारा. डोकं फिरतं.

बाहेरच्या माणसाशी बोलायला मात्र कुणीतरी लागतं. त्यासाठी टोपलीत चौदा लाकडी चिमटे, कपडे वाळत घालायचे. एकाला लाल दोरा. सकाळी न बघता उचलायचा, दोरा जिच्या हातात आला तिने त्या दिवशी बोलायचं. दुसऱ्या दिवशी दुसरीने. मालकाने दोनदा निरोप धाडला की तुमच्यातली एक शहाणी निवडा, तिला ऑफिसात पंख्याखाली बसवतो. आम्ही कळवलं, रोज एक शहाणी येईल, चौदा खुर्च्या घाला.

मंगळवारी दोरा माझ्या हातात आला. आणि मी तो काकीला दिला. बॉयलर कुरकुरत होता, गुडघा ठणकत होता, आणि मॅनेजरचं तोंड बघितलं की माझ्या तोंडून जे निघतं ते तुला माहीत आहे. काकी गोड बोलते. मी म्हटलं, आजच्या दिवस तू धर. ती म्हणाली, "मला बोलता येत नाही गं." मी म्हटलं, "नुसती धरून उभी राहा." तेवढंच तिने केलं.

अकराला तुमची गाडी आली. वीस-बावीस जण, छातीवरच्या नावाच्या पट्ट्या काढून. (चोरी करायला जाणारा तोंड झाकतो, हे नाव झाकतात.) साहेबाने विचारलं, म्होरकी कोण? आम्ही म्हटलं कुणी नाही. त्याच्या कागदावर म्होरक्यासाठी रकाना होता आणि रकाना रिकामा ठेवून परत जायची त्याची हिंमत नव्हती. टाचणी म्हणाली, सांगायचं की नाही ते मीटिंग घेऊन ठरवतो, साहेब, बसा. आणि आम्ही खरंच बसलो. साहेब पंचवीस मिनिटं उभा होता. तेवढ्यात नवी बोलून गेली की आज चिमटा काकीकडे आहे. तिला वाटलं, विचारतायत तर सांगावं. झालं. रकाना भरला.

सगळे एकदम काकीभोवती गोळा झाले, आत काय झालं ते आम्हाला दिसलं नाही. त्रेसष्ट वर्षांची बाई, पाच फूटही नाही, तिच्या कपाळातून रक्त आलं आणि कागदावर लिहिलं की टोळीच्या म्होरकीने पोलिसावर हल्ला केला. जप्त हत्यार: लाकडी चिमटा, एक नग. तीस वर्षं तिने तुमच्या पँटींना इस्त्रीची धार काढली, ती धार कुणाला टोचली नाही, चिमटा टोचला. आणि साहेब म्हणतो, आमच्या कुणी हात लावला नाही, ती पडली. कुणाचं नाव सांगता, म्हणतो. नावं तर त्यांनी खिशात घातली होती.

मंगळवारी तुमच्या लोकांनी आम्हाला गेटाबाहेर काढलं, बुधवारी मालकाने परत बोलावलं. आमच्या प्रेमापोटी नाही, बॉयलर त्याचं ऐकत नाही म्हणून. नवीला घेऊनच आत गेलो. पण काकीची इस्त्री थंड आहे. तिच्या टेबलाशी कुणी उभं राहत नाही.

असो. पित्ताला जप. आईला सांग मी बरी आहे. भावजयीस आणि पोरीस आशीर्वाद.

तुझी ताई

ता. क. त्या दिवशीचा चिमटा माझा होता हे मी कोर्टात सांगणार आहे. काकीचा वकील नको म्हणतो. तो टाचणीचा भाऊ शोभेल.

ता. क. आणखी एक. अंगातून काढलेला युनिफॉर्म जातो कुठे, हे तुम्ही लोक कधी विचारत नाही. दर गुरुवारी आमच्याकडे येतो. छातीवरची पट्टी काढली तरी कॉलरच्या आत नंबर असतो, आणि एकाच्या उजव्या कोपराला मी स्वतः केलेला रफू आहे, भरतीच्या वर्षीचा. त्याच्या दुसऱ्या बटणाला लाल दोरा गुंतलाय. बाहीच्या टोकाला डाग आहे. वीस वर्षं डाग काढतेय, कशाचा आणि किती दिवसांचा ते मला वासावर कळतं. पण मारताना पडला की पडलेलीला उचलताना, ते डाग सांगत नाही. ते शर्टातल्या माणसाने सांगायचं असतं. धरणावर लाल दोरा मिळत नाही, धाकट्या.

ता. क. शर्ट धुतलेला नाही. बारा जणी म्हणतात वकिलाकडे द्या. टाचणीसुद्धा हो म्हणाली, आयुष्यात पहिल्यांदा. एक जण नाही म्हणतेय, म्हणून ठरत नाहीये, आणि बाकीच्या तिला धरून बसल्या आहेत. ती एक मी आहे. काकीचं नाव सोमवारी अकराला पुकारतील. तू दारातून आत येऊन काय झालं ते तुझ्या तोंडाने सांग. अकरापर्यंत मी नाही म्हणेन.