ती का बोलली नाही

प्रिय नोला,

तुझ्या आईला घेऊन तू शहरात मावशीकडे गेलीस, त्याला आज अकरा दिवस झाले. कुत्री दारातून हलत नाहीत, आणि मी राखेत भाजलेली भाकरी त्यांच्याही घशाखाली उतरत नाही. फोन असताना हा पत्र काय लिहीत बसलाय, म्हणून हसशील. पण फोन वाजतो तेव्हा आई तुझ्या शेजारीच असते, आणि माझा आवाज तिच्या कानावर पडायला नको.

चौदा वर्षांत आम्ही एकमेकांशी एक शब्द बोललो नाही. जावई ऐकण्याच्या अंतरावर असला की सासूनं तोंड उघडायचं नाही, हे आपण लहानपणापासून शिकलो, आणि मला त्यात कधी उणं वाटलं नाही. मी कांगारू मारून आणला की शेपटाचा तुकडा तुझ्या हाती तिच्याकडे जायचा, माझा फाटका शर्ट शिवून खुंटीवर परत यायचा. एवढी माया मला सख्ख्या आईनंही लावली नाही गं.

खाणवाल्यांनी पाणवठ्यावर सुरुंग लावला तेव्हा मी ओढ्यापाशी होतो. लाल धूळ संध्याकाळपर्यंत खाली बसली नाही. ती बायकांची पवित्र जागा. तिथं काय होतं ते मला ठाऊक नाही, पुरुषानं विचारायचंही नसतं. पण म्हाताऱ्या बायका जमिनीवर डोकं आपटून रडत होत्या, त्यावरून काय गेलं ते कळलं.

सभेच्या वेळी, आई तिथं म्हणून, मी नेहमीसारखा भिंतीमागे उभा होतो. क्लॅरीकाकांनी खाणीचा कागद वाचला: जाणत्या बाईला जागेवर नेऊन विचारलं, तिनं काही सांगितलं नाही, सबब हरकत नाही. मग सगळ्यांदेखत आईवर खेकसले, "साऱ्या जागा तुला पाठ, आणि नेमकी तिथंच दातखीळ बसली होय गं?" तिनं चकार शब्द काढला नाही. मी भिंतीमागे नसतो तरी काढला नसता, माझं नाव निघालं असतं.

आता मावशीचा निरोप आलाय, की आई जेवत नाही, चहाही परत करते. आणि एकच म्हणते, जावयाचा डोळा लागला होता, दगड मारून उठवायला हवं होतं. म्हणून लिहितोय. सुरुंगाआधी खाणीतर्फे पाहणीला आलेल्या हॅरिएटनं पाणवठ्यावर तिला तीनदा विचारलं, "काकू, इथं काही आहे का?" आपल्या लोकांतर्फे आलेला मी दहा पावलांवर, गाडीच्या सावलीत. आईनं हात पाठीमागे नेऊन बोटांनी खूण केली: जा. घरी येऊन तुला मी सांगितलं की झोप लागली होती. नोला, मी टक्क जागा होतो. खूण पाहिली, दुसऱ्यांदा केली तीही पाहिली. चव्वेचाळीस डिग्री ऊन, पलीकडे सावली नाही, म्हणून टोपी तोंडावर ओढून पडून राहिलो. गुरुवारच्या सभेत हे सगळ्यांना सांगणार आहे, मग ते माझं काय करायचं ते करोत. पण आधी तिला कळू दे. हे वाचून मात्र दाखवू नकोस, माझे शब्द तिच्यापर्यंत जायचे नाहीत. तुझ्या शब्दांत सांग, की तिचं काही चुकलं नाही, आणि तिला दोन घास भरव.

अजून म्हणू देशील तर तुझाच,
मर्विन