त्या दाराला कडी नव्हती

वाशीम, सोमवार, ७ फेब्रुवारी १९४९

पोचलो एकदाचा! गाडीनं हाडं खिळखिळी केली, पण आवाज उतरवायच्या यंत्राला ओरखडासुद्धा नाही. अकोल्यापासून पेटी दोन पायांत घट्ट धरून बसलो होतो. समोरच्या म्हातारीनं विचारलं, पेटीत देव हाय का? मी म्हटलं, आवाज आहे. तिनं खरंच हात जोडले.

काम मोठं झकास आहे. या भागातल्या व्यापारी, कारखानदार, पुढारी मंडळींच्या मुलाखती घ्यायच्या, तारेच्या रिळावर उतरवायच्या आणि नागपूरला धाडायच्या. गुरुवारी संध्याकाळी त्या रेडिओवर लागतील आणि यादव मोहरीलांचा, म्हणजे माझा, आवाज अख्ख्या वऱ्हाडाला ऐकू जाईल. आई म्हणायची, हे पोरगं जिभेवर पोट भरणार. भरतंय की!

वीज मिळाली ती बबनरावांच्या जिनिंगमध्ये, म्हणजे कपाशीतून सरकी काढतात त्या कारखान्यात. बबनराव गावातलं बडं प्रस्थ. जेवायला घातलं, वर एक गोदामही दिलं. तिन्ही भिंतींना आढ्यापर्यंत कापसाच्या गाठी. टाळी वाजवली तरी घुमत नाही. असा स्टुडिओ नागपुरातही नाही. भिंतींना नवा चुना, दारही नवं रंगवलेलं. इंजिनवाला इंद्रभान मदतीला आहे. भला माणूस, पण गोदामाचा उंबरा काही ओलांडत नाही. विजेची तार बाहेरूनच हातात देतो. मी त्याची यथेच्छ थट्टा केली.

बुधवार, ९ फेब्रुवारी

आज यंत्र जोडलं. आमची एक रीत आहे: मुलाखतीआधी जो हाताशी असेल त्याला माइकपुढे बसवून बोलायला लावायचं. आवाज नीट उतरतो का ते बघायचं, मग रीळ मागे फिरवून त्याच्यावरच मुलाखत घ्यायची. नवं उतरलं की जुनं आपोआप पुसलं जातं.

हाताशी होती झाडणारी गोजराबाई. पन्नाशीची, काटकुळी, जिभेची मोठी तिखट. बस म्हटलं तर मला म्हणाली, कायले बसू, माहं का लग्न हाय? मग एकदम विचारलं, "बापू, हे नागपूरले जाईन का? समद्याइले ऐकू येईन?"

तिला बोलतं करायला मी म्हटलं, हो हो, सगळ्यांना.

मग ती बोलली. याच गोदामात गेल्या वर्षी आग लागली. आत कपाशी निवडणाऱ्या तीन बाया होत्या, त्यांत तिची पंचफुला, सतरा वर्षांची. बायांनी ओटीतून कपाशी नेऊ नये म्हणून दुपारच्या सुट्टीत बाहेरून कडी-कुलूप घालायचे, आणि किल्ली बबनरावांच्या खिशात. ते घरी जेवत होते. गोजराबाई पाण्याची घागर घेऊन दाराबाहेर. "आतून लोटून राह्यली माही लेक," ती म्हणाली, "अन् मी भाएरून कुलूप ओढून राह्यली."

रडली नाही. उठताना माइकला पदर लावून नमस्कार केला. आवाज काय सुरेख उतरला होता!

शुक्रवार, ११ फेब्रुवारी

बबनरावांची मुलाखत झाली. आमच्याकडे सगळं आधी लिहून घेतात आणि पाहुणा वाचतो. काल ते म्हणाले, आगीबद्दल लोक कायबी बोलतात, तुमी दोन शब्द चांगले घाला. मी घातले: "त्या भगिनी आत विसावल्या होत्या. त्या दाराला कडी कधीच नव्हती."

लिहिण्याआधी मी दाराची चौकट बघितली होती. कडीच्या जागी चार भोकं आहेत, लांबी, म्हणजे रंगारी भोकं बुजवतात तो लगदा, भरून वर रंग दिलेला. नखानं टोकरलं तर लांबी अजून मऊ होती. तरी लिहिलं. पाहुण्याचा मान ठेवायचा असतो, अशी मनाची समजूत घातली. रीळ मागे फिरवलं आणि रीतीप्रमाणे गोजराबाईच्या आवाजावर त्यांचा आवाज चढवला. संध्याकाळच्या गाडीनं रीळ नागपूरला गेलंसुद्धा.

बबनरावांनी पाठ थोपटली. गोजराबाई झाडत होती. मी हाक मारली तर नुसती हसली. म्हटलं, बाई, आज मौन का? पुन्हा हसली.

सोमवार, २१ फेब्रुवारी

बाजारात जो तो सांगतो की गुरुवारी गोजराबाई रेडिओत बोलणार. तिनं म्हणे माइकपुढे बोलली त्याच बुधवारी घरोघर सांगून ठेवलं होतं. आता तर ती कोणाशी बोलतही नाही. बाया म्हणतात, आवाज जपून राह्यली गुरुवारसाठी.

तिला खरं सांगायला हवं. आज तीनदा तिच्या घराकडे निघालो आणि तीनदा पानाच्या ठेल्यावरून परत आलो.

गुरुवार, २४ फेब्रुवारी

नगरपालिकेच्या बागेत रेडिओच्या भोंग्याखाली चाळीस-पन्नास बाया. गोजराबाई अगदी पुढे, धुतलेलं लुगडं, मांडीवर पंचफुलाच्या बांगड्या. मला बघून तिनं शेजारणीला दाखवलं: हाच तो बापू.

सहा वाजता माझा आवाज आला, गोड, घोटलेला. मग बबनरावांचा. "त्या दाराला कडी कधीच नव्हती."

सगळ्या बाया तिच्याकडे बघायला लागल्या. ती उठली, तोंड उघडलं. गळ्याच्या शिरा ताठ झाल्या, ओठ हलले, आणि काही म्हणजे काहीच आलं नाही. श्वाससुद्धा वाजला नाही.

इंद्रभान म्हणाला, "त्या शुक्रवारपासून अशीच हाय ते. तुमी रीळ फिरवलं तवापासून." त्यानं माझ्याकडे बघितलं नाही, बरं झालं. मला माझ्याच तोंडाची लाज वाटत होती.

शनिवार, २६ फेब्रुवारी

कापडाचे व्यापारी ज्ञानचंदजी यांची मुलाखत. नमुन्याला मीच बोललो: एक, दोन, तीन. मग नमस्कार म्हणायला तोंड उघडलं आणि आतून आलं, "पंचफुला माही लेक—"

आवाज तिचा. माझ्या गळ्यातून. देवाशपथ लिहितो.

ज्ञानचंदजी पांढरे पडले. पण उठले नाहीत. मला पाणी दिलं. म्हणाले, मोहरीलजी, त्या दिवशी मी धूर बघून धावत आलो होतो. कुलूप डोळ्यांनी पाहिलं. वर्षभर गप्प बसलो, आता बोलतो, तुम्ही उतरवून घ्या. आणि ते स्वच्छ बोलले, कागद बाजूला सारून, दहा मिनिटं.

रीळ माझ्याकडे आहे. नागपूरला पाठवलं की झालं. पण कडीचं ते वाक्य माझ्या अक्षरात आहे. बबनरावांना कोणी विचारलं तर ते कागद दाखवतील. नोकरी तर जाईलच, आणि आईला काय सांगू?

रविवार, २७ फेब्रुवारी

पुसलं.

रिकाम्या खोलीचा आवाज चढवला त्याच्यावर. दहा मिनिटं नुसता बसून होतो.

सोमवार, २८ फेब्रुवारी

ज्ञानचंदजींच्या दुकानात मुनीम गिऱ्हाइकांना सांगत होता, शेटजींचा घसा बसला, कालपासून शब्द फुटत नाही. ते गादीवर होते. मला बघितलं, आणि हळूच मान फिरवली. रागानं नाही. माझ्या वतीनं त्यांनाच लाज वाटल्यासारखी.

मी केलं हे. दोन्ही वेळा याच हातानं.

मंगळवार, १ मार्च

बोलत नाही आता. तोंडाला मफलर. खाणावळीत खुणेनं भाजी मागितली तरी घशात गोजराबाई चालूच असते— घागर, कुलूप, किल्ली—

गोजराबाईच्या दारात गेलो. पाया पडलो. तिनं उठवलं नाही, मारलंही नाही. माझ्या गळ्यावर बोट ठेवलं, आणि जिनिंगकडे दाखवलं.

बुधवार, २ मार्च, सकाळ

ठरलं. आज गोदामात बसून सगळं उतरवणार. तिच्या आवाजात तर तिच्या आवाजात. माझं नाव, माझं अक्षर, ते वाक्य, सगळं. रीळ ज्ञानचंदजींच्या हाती देणार. ते नागपूरला नेतील. नोकरी जाऊ दे. आई, तुझं पोरगं खोटं बोललं.

दुपार

बोललो. सगळं बोललो— ती बोलली. रीळ भरलं. उठलो.

दार लागत नाही. म्हणजे उघडत नाही.

इंद्रभानला हाक मारली. तो बाहेरून म्हणतो, कोन बाई हाये आत? मी म्हटलं, अरे मी मोहरील. त्याला ऐकू जातं ते वेगळंच—

तो म्हणतो, दाराले कडीच नाही, लोटा.

लोटतोय.

गाठींतून वास येतो— कापूस जळतो तसा— यंत्राची तार तापली असेल— रीळ छातीशी धरलंय. हे पुसायचं नाही. कोणीही पुसायचं नाही—

भोकांतली लांबी गळून पडली. चारी भोकांतून खिळे आत आलेत. बाहेरून कडी हाये. मले दिसून राह्यली. हाये रे, कडी हाये, मी खोटं लिवलं—

इंद्रभान हासते. म्हणते दार उघडंच हाये, बाई, लोट ना.

लोटून राह्यलो— लोटून राह्यली मी— माय भाएर हाये, तिच्या हातच्या बांगड्या ऐकू येतेत, ते कुलूप ओढून राह्यली— माय, जोरानं— अजून थोडं—