पाटीवरचा चौथा धोंडिबा

४ जानेवारी
सकाळीच धोंडूशेठचा फोन. गावी शाळेसमोर काळ्या दगडाची पाटी बसवतोय, ‘गावचे थोर धोंडिबा’. मजकूर मी लिहायचा. का, तर मी इतिहासाचा मास्तर, तोही रिटायर, म्हणजे रिकामा. "आन तुमी बी धोंडिबाच की, सर." एकूण सहा धोंडिबा. सहावा शेठ स्वतः! थोरवी काय? लोणावळ्यात दोन रिसॉर्ट आणि अर्धा डोंगर खरवडून पाडलेले प्लॉट.

६ जाने.
यादी आली. पहिला धोंडिबा गडावर लढलेला. पुरावा: शेठच्या हॉलमधली तलवार, जी मी लोणावळ्यात शोभेच्या दुकानात पाहिली आहे. दुसरा पैलवान. कुठल्या जत्रेत कोणाला पाडलं, कोणालाच माहीत नाही. तिसरा लढाईवर परदेशी गेला, परत आला, आणि पुढे आयुष्यभर तेच सांगत बसला.
चौथ्यावर मात्र डोकं फिरलं, पाचवा वाचलाच नाही. शाळेला जागा देणारे धोंडिबा मारुती म्हणजे माझे आजोबा. शेठने खाली लिहिलंय, ‘धोंडूशेठ यांचे आजोबा’.

७ जाने.
घोळ आमच्या रिवाजाचा. आजोबांचं नाव नातवाला. आडनाव एक, भावकी एक, त्यामुळे दोन्ही घरांत धोंडिबा मारुती, मारुती धोंडिबा, पुन्हा धोंडिबा मारुती. पण माझे आजोबा चौथी पास, सही मोत्यासारखी. शेठचा आजा अंगठेबहाद्दर. ज्याने पाटीला हात लावला नाही, तो शाळेला जागा देणार! तीस वर्षं तळेगावात वर्गावर मी आजोबांची ही गोष्ट सांगितली. ती या प्लॉटवाल्याला देऊ?

१२ जाने.
गावी मीटिंग. भर देवळात सांगितलं, अडाणी माणूस कुठे शाळेला जागा देतोय? वडगावच्या कचेरीतून जागेच्या बक्षीसपत्राची नक्कल आणतो. सही असेल तर आजोबा माझे, अंगठा असेल तर तुमचे. लोक हसले. शेठही हसला, कानापर्यंत लाल होऊन. बरं वाटलं.
निघताना गोपाळआबा म्हणाले, "शेठचा आजा ल्हानपनी जुन्या शाळंच्या खिडकीशी हुबा ऱ्हायचा. त्याला कुनी आत घेतलं न्हाई." आबांचं वय झालंय. कुठलं कुठे जोडतात.

२१ जाने.
नक्कल मिळाली. वडगावच्या स्टँडवर बाकावर बसून वाचली.
देणार: धोंडिबा मारुती. पुढे काळा डाग, त्याखाली ‘नि. डा. हा. अं.’ म्हणजे निशाणी डाव्या हाताच्या अंगठ्याची.
साक्षीदार: धोंडिबा मारुती. सही. मोत्यासारखी.
दोनदा वाचलं. एस.टी. गेली.

२२ जाने.
आजोबांनी स्वतः कधी म्हटलं होतं का, की जागा मी दिली? आठवत नाही. "त्या कागदावर माझी सही आहे," एवढंच म्हणायचे. बाकीचं आम्ही लावलं. बहुतेक मीच.
हिला कागद दाखवला. म्हणाली, "मग सांगा की शेठला." म्हटलं, बघू. "तलवारीला हसत होतात ना?" बायकोला नको ते बरोबर आठवतं.

२४ जाने.
शेठचा फोन. मी तोंड उघडायच्या आत म्हणाला, "सर, कागुद ऱ्हाऊ द्या. तुमचाच आजा लिवा. माजी आई म्हनली, मास्तर मानूस खोटं न्हाई सांगायचा. आमचा म्हातारा अडानी, तो कुटं जागा देतोय."
माझेच शब्द. देवळातले.
लाज वाटली. तरीही "बरं" म्हणालो. हा धोंडिबा कुठल्या यादीत बसतो?

२५ जाने.
पाथरवट कामशेतला थांबलाय. मजकूर उद्या दहापर्यंत हवा. पाच धोंडिबा लिहून झाले, शेठच्या रिसॉर्टसकट. चौथ्याचं नाव लिहिलं. ‘यांचे आजोबा’च्या आधीची जागा कोरी आहे. वडगावचा कागद पेनाखालीच ठेवलाय.