तिसऱ्या मजल्यावरच्या नळाबद्दल

मी, उत्प्रेरकांच्या प्रयोगशाळेतला मदतनीस, सगळे ज्याला भिंगरी म्हणतात तो, वय तेवीस, डोकं ठिकाणावर असताना आणि कुणी दम दिलेला नसताना हे लिहून ठेवतो. काल निकेलच्या भट्टीचा जोड गळत होता, तो आवळताना विषारी वायू छातीत गेला. डॉक्टर म्हणाले, "आत्ता बरं वाटतंय त्यावर जाऊ नकोस. उद्या संध्याकाळ काढलीस तर बोलू." म्हणून घाई.

१. सायकल दादाला. त्याचीच आहे, न विचारता आणली होती. आठ गावं, अकरा धंदे फिरली. मागचं चाक नवीन आहे, तेवढं माझ्याकडून समजावं.

२. बूट ज्याला बसतील त्याला. मुद्दा राहूनच जातोय.

३. मुद्दा. आमचा उत्प्रेरक, म्हणजे एका वायूपासून जळणाचा वायू बनवणारी काळी पूड, फक्त माझ्या हातची चालते. ताई आमच्या प्रयोगशाळेच्या सरांकडे पीएचडी करते; सख्खी नाही, पण डब्यातलं अर्धं मला देते. आठ महिने तिची पूड मेलेलीच निघतेय. सर सगळ्यांसमोर म्हणाले, "बाई, हात आहेत का लाकडं?" मी शेजारी बाटल्या विसळत होतो. विसळतच राहिलो.

शुद्ध पाण्याचं यंत्र बंद होतं तेव्हा आळसानं मी पूड तिसऱ्या मजल्यावरच्या नळाखाली धुतली. मग दर वेळी तिथेच. त्या पाण्यातला क्षार पुडीत राहतो, करामत त्याची. किती वेळा धुवायची ते वहीत आहे. वही ताईला.

४. सर, तुमच्यावरचा राग तुम्हालाच. एम.टेक.ला घ्या म्हणालो तर नियम वाचून दाखवलेत: पदवी, साठ टक्के, प्रवेश परीक्षा, दोन शिफारसपत्रं. वर, "अरे, तू बारावीला रसायनातच नापास झालास!" खरंय. म्हणून गुपित दाबून धरलं, की कधीतरी अडाल आणि मला आत घ्याल. ताईला रडताना पाहिलं, तरी सोडलं नाही.

५. सोमवारी पीएचडीच्या समितीपुढे पूड चालवून दाखवायची ताईची शेवटची संधी आहे, आणि पूड व्हायला तीन दिवस लागतात. तेव्हा हा कागद मी मेल्याची वाट न बघता आजच तिला द्यावा.

नर्सबाई म्हणतायत, "अरे, उद्यापर्यंत थांब की. बरा झालास तर?"

म्हणूनच आत्ता न्या, बाई. बरा झालो तर माझा हात पुन्हा आखडेल.

साक्षीदार: नर्सबाई; शेजारच्या खाटेवरचे सुतारकाका. ताईची सही नको, तिला यातून मिळतंय.

वॉर्ड, खिडकीकडची खाट. गुरुवार, दुपारी दोन.

सही: भिंगरी. खरं नाव खाटेच्या तक्त्यावर.